पन्हाळा ते पावनखिंड: पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

जून लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "यंदा पन्हाळा-पावनखिंड करायचं म्हणतोय, झेपेल का?" विचारणाऱ्याच्या मनात धास्ती असते ती दमाची. चढ किती आहे, धाप लागेल का, गुडघे धरतील का. या वाटेवर दम लागून मागे फिरलेली माणसं मी क्वचितच पाहिली आहेत. पायाला फोड आल्याने, मांड्यांना काच पडल्याने, ओल्या बुटात दहा तास चालून तळवे पांढरे पडल्याने टेम्पोत बसावं लागलेली मात्र दरवर्षी पाहते. म्हणून या लेखात इतिहासापेक्षा पायांबद्दल जास्त लिहिलं आहे. पायांची नीट काळजी घेतलीत आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचलात, तर आयुष्यात कधी दोन दिवस सलग चाललेलं नसलं तरी ही वाट तुम्ही पुरी कराल.

वाट कुठली, तेही थोडक्यात सांगते. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला चार महिने वेढा पडला होता. १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह राजदिंडीच्या वाटेने गड उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशिदांनी शत्रूला गुंतवून ठेवलं आणि प्राण दिले. पुढे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या मावळ्यांनी पाठलागावर आलेली फौज रोखून धरली. तीच आजची पावनखिंड. त्या लोकांनी एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात कापलेलं अंतर आपण दोन दिवसांत चालायचं, विशाळगड धरला तर तीन. पन्हाळा ते खिंड साधारण ४५ ते ५० किलोमीटर भरतं, गडापर्यंत ६० च्या आसपास. कुठल्या वाड्यांवरून वाट काढली त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो.

कधी जायचं

बहुतेक मोहिमा जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या मागेपुढे निघतात. त्या रात्रीचा पाऊस, चिखल, धुकं अंगावर घेत चालणं हाच अनेकांचा हेतू असतो आणि तो मला मनापासून पटतो. पण शाहूवाडी तालुक्याच्या या भागात जुलैचा पाऊस म्हणजे चेष्टा नव्हे. दिवसदिवस उघडीप मिळत नाही. ओढे तासाभरात चढतात. कपडे एकदा भिजले की घरी जाईपर्यंत वाळत नाहीत.

ज्यांना पावसाची सवय नाही, किंवा सोबत लहान मुलं वा साठीपुढची माणसं आहेत, त्यांनी पहिल्यांदा नोव्हेंबर ते जानेवारीत जावं. तेव्हा भात कापून झालेलं असतं, वाटा कोरड्या असतात, रात्री चांगली थंडी पडते. एप्रिल-मे टाळा. मसाईच्या पठारावर सावलीला झाड नाही आणि वाड्यांवर माणसांनाच पाणी जपून वापरावं लागतं, तिथे तुम्ही कुठे मागणार?

पुढचं सगळं जुलै धरून लिहिते आहे, कारण खरी तयारी त्यालाच लागते.

कुणाबरोबर

पहिल्या खेपेला मोहिमेबरोबरच जा. कोल्हापुरातल्या आणि इतर गावांतल्याही बऱ्याच संस्था दरवर्षी ही मोहीम काढतात. जेवणाची सोय, मुक्कामाची जागा, वाट दाखवणारी माणसं आणि बहुतेक वेळा सामानाचा टेम्पो एवढं त्यांच्याकडे असतं. नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी स्पष्ट विचारा. एकूण माणसं किती? पुढे आणि सगळ्यात मागे वाट माहीत असलेलं माणूस असतं का? प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे, आणि ती चालणाऱ्यांबरोबर असते की टेम्पोत? मुक्कामाला छप्पर आहे की तंबू? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आपण सगळे एकत्रच असतो" असं आलं तर ती मोहीम सोडा. शंभर माणसांची रांग पठारावर दोन-तीन किलोमीटर लांबते. शेवटच्या दहा जणांमागे कुणी नसेल तर धुक्यात ते एकटेच असतात.

स्वतःच्या स्वतः जायचं असेल तर चार-पाच जण तरी असा, आणि त्यातल्या एकाने तरी वाट आधी केलेली असू द्या. मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घ्या, पण त्यावर विसंबू नका. ओल्या बोटांनी पडदा चालत नाही आणि नेटवर्क वाडीगणिक येतं-जातं.

सहा आठवडे आधी

रोज पाच-सहा किलोमीटर चालणं पुरेसं आहे, पण शनिवार-रविवार लागोपाठ चालण्याचा सराव हवाच. शनिवारी पंधरा किलोमीटर चाला आणि रविवारी अंग आंबलेलं असताना पुन्हा बारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय उचलताना काय होतं ते आधी कळलेलं बरं. कोल्हापूरची मंडळी जोतिबाला पायी जातात, पुण्याची सिंहगड चढतात. जवळ डोंगर नसेल तर सॅकमध्ये पाण्याच्या चार-पाच बाटल्या घालून जिने चढा-उतरा. उतरण्याचा सराव जास्त करा, गुडघे उतारावर बोलतात.

एक सराव मात्र चुकवू नका. बूट आणि मोजे मुद्दाम नळाखाली भिजवा आणि ओल्यानेच दोन-तीन तास चाला. बोटांमध्ये, टाचेला, घोट्याच्या हाडापाशी कुठे घासतं ते तेव्हाच कळेल, घरापासून हाकेच्या अंतरावर.

पाय

बूट नवे नकोत आणि झिजलेलेही नकोत. महिना-दीड महिना वापरलेले, तळव्याला चांगल्या खुट्ट्या असलेले बूट घ्या. महागडे पाणी न शिरणारे बूट या वाटेवर उपयोगाचे नाहीत, कारण पाणी वरून, घोट्यातून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. साधे, जाळीचे, पाणी निथळून जाणारे बूट बरे. घरी घालता त्यापेक्षा अर्धा आकडा मोठे घ्या. दिवसभर चालून पाय सुजतात आणि उतारावर अंगठा पुढे आपटतो.

नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. फार खोलवर कापू नका.

मोज्यांच्या चार जोड्या घ्या. सुती नकोत, सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या घड्या पडतात. दोन जोड्या चालायला, एक जेवणाच्या सुट्टीत बदलायला आणि एक फक्त झोपताना घालायला. ती शेवटची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवा आणि काहीही झालं तरी दिवसा काढू नका.

सकाळी निघण्याआधी पाय कोरडे पुसा आणि बोटांच्या बेचक्यात, टाचेला, तळव्याला व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल भरपूर चोळा. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, सॅकचा पट्टा घासतो तिथेही लावा. मुलींनी आणि बायकांनी आतल्या कपड्यांच्या शिवणीखालीही लावावं. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी निम्म्याजणी फेंगडं चालत असतात. जीन्स घालून तर येऊच नका. पातळ, लवकर निथळणारी ट्रॅकपँट घाला.

आता फोड. फोड येण्याआधी तिथे चुरचुरतं, गरम लागतं. त्या क्षणी थांबायचं. रांग पुढे गेली तरी थांबायचं. बूट काढा, जागा पुसा, कागदी चिकटपट्टी घडी न पडू देता लावा. मी पहिल्या खेपेला असं थांबले नव्हते. सगळे चालतायत, मी एकटी कशी बसू, असं वाटून पहिल्या मुक्कामाच्या करपेवाडीपर्यंत तशीच रेटत गेले. रात्री मोजा काढला तेव्हा टाचेचं कातडं मोज्याबरोबरच निघालं. दुसऱ्या दिवशी खिंडीपर्यंत पोचले खरी, पण वाटेतलं मला काहीही आठवत नाही. ना जंगल, ना ओढे. पुढच्याची टाच आणि माझी टाच, एवढंच. पाच मिनिटं थांबण्याने तो सगळा दिवस वाचला असता.

फोड आलाच तर त्याचं कातडं कापू नका. लहान असेल तर भोवती गोल पट्टी लावून मोकळा ठेवा. फार टचटचीत भरला असेल तर रात्री मुक्कामाला, हात धुऊन, निर्जंतुक केलेल्या सुईने कडेला एक छिद्र पाडून पाणी काढा, वर मलम लावा आणि कातडं जागच्या जागी राहू द्या.

सॅक

सामानाचा टेम्पो असेल तर अंगावर तीन-चार किलोंपेक्षा जास्त घेऊ नका. नसेल तर सहा-सात किलोंत बसवा. सॅकला बाहेरून जे आवरण मिळतं त्यावर भिस्त नको, वारा ते उडवतो आणि पाठीकडून पाणी शिरतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं त्यात भरून तोंड पिळून बांधा. आमच्याकडे खताच्या पोत्याच्या आतली स्वच्छ धुतलेली पिशवी वापरतात, तिच्यासारखी पक्की दुसरी नाही.

आत असावं ते असं: झोपायच्या कपड्यांचा एक कोरडा जोड, पातळ स्वेटर, अंथरूण-पांघरूण, डोक्याला लावायची बॅटरी आणि तिचे जादा सेल, ताट-वाटी, दोन लिटर पाण्याची सोय, ओआरएसच्या पुड्या, चिकटपट्टी, मीठ, नेहमीची औषधं, आधार कार्डाची प्रत, सुट्टे पैसे. खिशात शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याची वडी. पाळीची तारीख जवळ असेल तर लागेल ते सगळं आणि वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी. मुक्कामाच्या वाडीत स्वच्छतागृह मिळेलच असं नाही.

छत्री आणू नका, मसाईवर पाच मिनिटांत तिच्या काड्या होतात. गुडघ्यापर्यंतचा रेनकोट किंवा सॅकसकट अंगावर येणारा पोंचो घ्या. पण भिजणार आहातच हे मनाशी ठरवून निघा. चालताना भिजलेलं अंग गरम राहतं, थांबलं की थंडी भरते, एवढं लक्षात असू द्या. एक काठी मात्र हवी. वाटेत झाडं तोडू नका, घरूनच चांगली छातीएवढी वेळवाची काठी आणा.

पहिला दिवस

कोल्हापूरहून पन्हाळ्याला एसटी आहे, अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच गडावर या. सकाळी बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नमस्कार करून बहुतेक मोहिमा निघतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे, त्यामुळे गडावर गर्दी असते. सातच्या आत गड सोडा.

गड उतरून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत वाट मसाई पठाराला भिडते. हा दिवसातला मोठा चढ, आणि तो सकाळीच संपतो. इथे घाई करू नका. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढा. बोलताना शब्द तुटायला लागले की वेग कमी करा.

पठारावर आलात की जमीन सपाट होते, पायाखाली जांभा लागतो आणि वारा सुरू होतो. एकामागून एक अशी ही पठारांची माळ आहे. उघडीप असेल तर दोन्ही बाजूंना खाली खोरी दिसतात, हिरव्या रंगाच्या किती तऱ्हा असतात ते इथे कळतं. धुकं असेल तर पुढचा माणूसही दिसत नाही. सपाट जागी माणूस चुकतो. डोंगरात निदान चढ-उतार वाट सांगतो, पठारावर गुरांच्या पन्नास वाटा असतात आणि सगळ्या खऱ्या वाटतात.

एका वर्षी आम्ही सहा जण असेच धुक्यात मसाईदेवीच्या देवळापासून पुढे निघालो आणि अर्ध्या तासाने गवत जास्त उंच, वाट जास्त बारीक होऊ लागली. कुणीच बोलत नव्हतं. तेवढ्यात घंटेचा आवाज आला. पांढऱ्या पडद्यातून आधी म्हशीची शिंगं, मग घोंगडीची खोळ पांघरलेले एक म्हातारे बाबा. आमच्याकडे बघून ते म्हणाले, "पावणं, तिकडं कुठं निघालासा? तिकडं कडा हाय." म्हशी तिथेच सोडून ते आमच्याबरोबर पाव मैल चालत आले, मळलेल्या वाटेवर सोडलं आणि हातातल्या काठीने दिशा दाखवली. चहाला पैसे देऊ केले तर घेईनात. त्या दिवसापासून पठारावर माझा नियम ठरला: धुक्यात पुढचा आणि मागचा माणूस दिसत राहिला पाहिजे, आणि दहा मिनिटं पायवाट मळलेली दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यायचं. पुढे जाऊन वाट शोधायची नाही.

पठार संपलं की कुंभारवाडी, खोतवाडी. दुपारचं जेवण सहसा याच पट्ट्यात होतं. जेवताना बूट-मोजे काढा, पाय उघडे ठेवा, पुन्हा व्हॅसलिन लावा. मग मांडलाईवाडी आणि पुढे करपेवाडी. दिवसभराचं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर, वेळ नऊ-दहा तास.

या भागात शेतांतून चालावं लागतं. जुलै म्हणजे रोपलावणीचे दिवस. गुडघाभर चिखलात वाकून बायका भात लावत असतात. वाट बांधावरून असते आणि बांध ओला असतो. एकामागे एक चाला, बांधाच्या मधोमध पाय टाका, कडेवर नको. कड ढासळली की वरच्या खाचरातलं पाणी खाली जातं आणि त्या शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी बांध घालत बसावं लागतं. तरव्यात तर चुकूनही पाय घालू नका, त्या बोटभर रोपांवर त्या घराचं वर्षाचं भात आहे. शंभर माणसं एकाच जागी पाय देतात तेव्हा काय उरतं, ते मागे वळून एकदा पाहा.

चिखलात चालायची रीत अशी. लांब टांग टाकू नका. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, तळवा सपाट. आधी काठी टेकवायची, मग पाय. गवताचा बुंधा दिसला तर त्यावर पाय द्या. शेवाळ धरलेल्या गुळगुळीत दगडापेक्षा चिखल बरा. पडणारच असाल तर हाताने सावरायला जाऊ नका, मनगट मोडतं. बुडावर बसा.

मुक्काम

वाडीवर पोचलात की पहिल्या अर्ध्या तासात ही कामं उरका: ओले कपडे काढा, अंग पुसा, कोरडे घाला, पाय तपासा, मग चहा. दमून तसंच बसलात की हुडहुडी भरते आणि मग काहीच करावंसं वाटत नाही.

मुक्काम शाळेत, देवळात, तंबूत किंवा कुणाच्या सोप्यात असतो. घरात राहायचं असेल तर आधी विचारून, ठरवून, माणशी पैसे द्या. ही माणसं मागणार नाहीत, म्हणूनच आपण द्यायचे. भाकरी, आमटी-भात, खर्डा, एवढं पानात पडतं आणि त्यासारखी चव कुठे नाही. एका आज्जींनी माझे मोजे माझ्या हातातून काढून घेतले होते, पिळले आणि चुलीच्या वरच्या शिंकाळ्याच्या दोरीवर टाकले. पहाटे ते कोरडे, गरम आणि धुराच्या वासाचे मिळाले. परक्या माणसाचे चिखलाचे मोजे त्यांनी नातवाचे असल्यासारखे वाळवले होते. म्हणून सांगते, रात्री दहानंतर घोषणा आणि गाणी बंद करा. ही माणसं पहाटे उठून शेतात जाणार असतात.

मुलांना चॉकलेटं वाटू नका. वेष्टनं बांधावर पडतात आणि पुढच्या मोहिमेकडे तीच मुलं हात पसरतात. द्यायचंच असेल तर वह्या-पेन्सिली शाळेतल्या गुरुजींकडे द्या.

दुसरा दिवस

करपेवाडीहून आंबेवाडी, कळकेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, मग धनगरवाडा आणि म्हसवडे. नावं लिहून जवळ ठेवा, कारण वाट विचारताना पुढच्या वाडीचंच नाव घ्यायचं असतं. "पावनखिंड कुठं?" विचारलंत तर सगळे डांबरी रस्ता दाखवतात.

आज चढ-उतार लहान पण सतत, आणि जंगल दाट. जळवा इथेच भेटतात. घाबरू नका, त्या काही मारत नाहीत. ट्रॅकपँट मोज्यात खोचा. चिकटलेली जळू ओढून काढू नका, नखाने तिचं तोंड कडेने सोडवा. मीठही चालतं. जखमेतून बराच वेळ रक्त येत राहतं, ते तसंच असतं. दाबून धरा, धुवा, पट्टी लावा.

ओढे मात्र जपून ओलांडा. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, गुडघ्याच्या वर येत असेल आणि ओढ असेल, तर थांबा. पाऊस ओसरला की ओढा जसा चढला तसाच उतरतो. तासभर बसायची तयारी ठेवा. ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे, एका वेळी एकच पाय. बूट काढू नका, अनवाणी पाय दगडात सापडतो. फोटोसाठी मध्ये थांबणाऱ्याला दटावा, तो तुमचा साहेब असला तरी.

या टापूत गवे आहेत. दिसले तर हटकू नका, आरडाओरडा नको, लांबून वळसा घाला किंवा ते जाईपर्यंत थांबा.

काही बिनसलं तर

पाय मुरगळला तर बूट लगेच काढू नका, सुजला की परत चढत नाही. घट्ट पट्टी बांधा आणि जवळच्या वाडीपर्यंत जा, तिथून गाडी मिळते. कुणी कापायला लागलं, बोलणं जड झालं, पावलं वेडीवाकडी पडू लागली तर तो साधा थकवा समजू नका. अंगातली ऊब गेलेली असते. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, गरम गोड चहा घोटाघोटाने पाजा आणि त्याला एकटं सोडू नका.

साप चावला तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं यातलं काहीही करू नका. हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्यावर आणा आणि रुग्णालय गाठा. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि इतर मदत. या वाटेवरून जवळचं मोठं गाव मलकापूर, आणि कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय.

टेम्पोत बसायची वेळ आली तर बसा. खिंड तिथेच आहे, पुढच्या वर्षी पुन्हा या.

खिंड आणि पुढे

म्हसवड्यानंतर पांढरेपाणी लागतं. हे आंबा-विशाळगड रस्त्यावरचं गाव. तिथून खिंड जवळ आहे. वर स्मारक आहे आणि खाली घळीत उतरायला पायऱ्या आणि कठडे. पाऊस जोराचा असेल तर घळीतून पाणी धावत असतं. तेव्हा वरूनच नमस्कार करा, खाली उतरू नका. पाणी कमी असेल तर सावकाश उतरा आणि काही वेळ गप्प उभे राहा. दोन्ही अंगांनी काळा ओला कातळ, मध्ये दोन-चार माणसांनी अडवावी एवढी वाट, हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्या दिवशी इथे काय झालं असेल ते आतून कळतं. इथूनच जवळ कासारी नदी उगम पावते. हेच पाणी पुढे पंचगंगेत मिळतं आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जातं. कोल्हापूरच्या माणसाने ते ओंजळीत घेताना पाहिलं की मला भरून येतं.

बहुतेक मोहिमा इथे संपतात. तिसरा दिवस हाताशी असेल तर भाततळी, गजापूर करत विशाळगडाकडे जा. अंतर दहा-बारा किलोमीटर, बरंचसं रस्त्याने. गडावर बाजीप्रभू आणि त्यांचे बंधू फुलाजीप्रभू यांच्या समाध्या आहेत आणि तिथे डोकं टेकवल्याशिवाय मला ही चाल पुरी झाल्यासारखी वाटत नाही. मात्र अलीकडे गडावर जाण्यावर आणि थांबण्यावर प्रशासनाने वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. निघण्याआधी चौकशी करा आणि जे नियम असतील ते पाळा.

परतीला मोहिमेची गाडी नसेल तर पांढरेपाण्याहून मलकापूर-कोल्हापूरकडे जाणारी एसटी पकडावी लागते. गाड्या कमी आहेत. वेळ आधीच आगारात विचारून ठेवा आणि शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, त्यापूर्वीचीच धरा. गाडीत बसण्याआधी पाय धुऊन, पुसून कोरड्या चपला घाला.

घरी गेल्यावर आंघोळीआधी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा नीट बघा, गोचीड किंवा जळू राहिलेली असू शकते. पाय कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा. बोटांच्या बेचक्यात चार दिवसांनी खाज सुटली तर दुर्लक्ष करू नका, ते नायट्याचं लक्षण असतं, डॉक्टरांना दाखवा. बुटांतला चिखल धुऊन काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर काही तासांनी बदला आणि बूट सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेत तर तळवा सुटतो.